कॅल्शियमची डबी

'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल,' हा आमच्याकडचा रामबाण उपाय. बेवड्याला तोच, रिकामटेकड्याला तोच आणि मानसिक आजार असलेल्यालाही तोच. मलाही तोच लागू झाला. कॉलेजात असताना बायपोलर आजाराचं निदान झालं होतं. लिथियमच्या गोळ्यांवर मी सावरले, नोकरीलाही लागले. मामानं स्थळ आणलं, तेव्हा 'तब्येतीचा विषय काढायचा नाही' असं मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

आईनं स्ट्रिपमधल्या गोळ्या काढून कॅल्शियमच्या डबीत भरल्या. सासरी रात्री सगळे हॉलमध्ये मालिका बघत बसायचे. मी पाणी घेऊन आत निघाले की सासूबाई विचारणार, "काय गं, बरं नाही का?" मग गोळी राहायची. लिथियमचं रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं, तेही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. ते कमी पडलं तर आजार उसळतो, वाढलं तर विषबाधा होते. पण तपासणीला घराबाहेर पडायचं कुठल्या निमित्तानं? त्यात हरतालिकेचा निर्जळी उपवास! शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम वाढतं, हे तिथं कुणाला सांगणार?

दिवाळीच्या तोंडावर माझी झोपच उडाली. रात्री दोन वाजता मी चकल्या तळत होते आणि घरात कौतुक चाललं होतं, सून किती कामसू! मग बोलणं आवरेना, खर्च आवरेना. आजेसासूबाईंनी दृष्ट काढली. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, झोप मात्र आली नाही. भाऊबीजेला मी दवाखान्यात होते. सासरच्यांना आजारापेक्षा ती डबी जास्त झोंबली.

म्हणून मुलामुलींची स्थळं बघणाऱ्यांना सांगते, साऱ्या गावात दवंडी पिटू नका, पण पसंती झाली की साखरपुड्याआधी बोला. तेही मध्यस्थाकरवी नको. ज्याचा आजार आहे त्यानंच सांगावं: 'मला हा आजार आहे, हे औषध चालू आहे, माझ्या डॉक्टरांना भेटायला येशील का?' नकार आला तर येऊ दे. हॉलचे पैसे तरी वाचतात. औषध चालू असणं लग्नाच्या आड येत नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, तर 1955च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करून मागता येतं, हेही मोठ्यांच्या कानावर घाला.

'गोळ्यांची सवय लागते' म्हणणारे भेटतीलच. लिथियमची नशा होत नाही, व्यसनही लागत नाही. ते एकदम सोडलं तर मात्र आजार उलटण्याचा धोका असतो. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन परस्पर आणू नका, त्यानंही लिथियम वाढतं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. याच आजारावरच्या व्हॅलप्रोएटसारख्या औषधानं गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून ते वेळेवर बदलून घ्यावं लागतं. दिवस गेल्यावर घाबरून मनानंच बंद केलं, तर दुसरं संकट उभं राहतं.

घरात कुणाशीच बोलता येत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं आणि नातेवाइकांनीही केला तरी चालतो.