एक चाक फिरतं, दुसरं बघत राहतं : लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आणि काळी माती

इंजिन ९० हॉर्सपॉवरचं असो की १४० चं, चिखलात गाडी फसली की दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. मागचं एक चाक गरागरा फिरून चिखल उडवतं आणि दुसरं, जे बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर उभं आहे, ते ढिम्म हलत नाही. भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "इंजिनात दम नाही." इंजिनात दम भरपूर असतो. अडचण असते ती मागच्या ॲक्सलच्या पोटात, डिफरन्शियलमध्ये. माझ्या टी.ई.च्या सेमिनारचा विषय लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (पुढे फक्त एल.एस.डी.) हाच होता. त्यातला फंडा इंजिनिअरिंग न शिकणाऱ्यालाही कळेल अशा मराठीत लिहायचा हा प्रयत्न. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'ट्रॅक्शन' शब्द लगेच सुचतो, पण शेतकरी त्याला 'पकड' म्हणतात आणि तोच शब्द जास्त नेमका आहे.

विषय निवडायला कारण घडलं ते उमरखेडचं. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठचा हा तालुका. नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ इथून जातो, तोपर्यंत सगळं ठीक. पण महामार्ग सोडून पांदण रस्त्याला लागलं, किंवा पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला बंदीभागात शिरलं, की पावसाळ्यात गाडीची खरी परीक्षा सुरू होते. माझे मामा आणि त्यांचे डॉक्टर मित्र मिळून एक व्हॅन घ्यायच्या विचारात आहेत. कॅम्पर व्हॅनसारखीच, आत पलंग, पाण्याची टाकी, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. फक्त सहलीऐवजी फिरता दवाखाना. मामांनी मला सरळ विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, फोर बाय फोर शोधू की मागे ते लॉकवालं डिफरन्शियल बघू?" पैसे लोकांकडून जमा होणार, आणि गाडी गावाच्या अलीकडे दोन किलोमीटरवर रुतली तर पेशंटला तिचा उपयोग शून्य. म्हणून उत्तर गणित करूनच द्यायचं ठरवलं.

डिफरन्शियल मुळात लागतंच कशाला?

वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरा. गाडीने अर्धं वर्तुळ, म्हणजे यू-टर्न घेतला, तर बाहेरचं चाक ३.१४ × १.४ = सुमारे ४.४ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. (व्हायवाला हमखास विचारतात, लक्षात ठेवा!) दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्याला पक्की जोडली तर हा फरक टायर घासूनच भरून निघणार. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे प्रत्येक चाक आसावर मोकळं फिरतं. पण इंजिनने दोन्ही चाकं फिरवायची आणि तरी त्यांना वेगवेगळा वेग द्यायचा, हे कोडं फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ मध्ये सोडवलं. क्राउन व्हीलबरोबर फिरणाऱ्या केजमध्ये छोटे स्पायडर गिअर आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन साइड गिअर, एवढीच रचना. आजही ती जवळपास तशीच आहे.

आता नीट बघा. स्पायडर गिअर हा तराजूच्या दांडीसारखा आहे. तो दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त देणं त्याला जमतच नाही. त्यामुळे 'सगळा टॉर्क फिरणाऱ्या चाकाकडे जातो' हे आपण जे बोलतो ते बरोबर नाही. टॉर्क दोघांना सारखाच मिळतो, पण तो ठरवतं सगळ्यात कमी पकड असलेलं चाक. चिखलातलं चाक जेवढा टॉर्क पेलू शकतं, तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. उरलेली पॉवर चिखल उडवण्यात जाते.

काळ्या मातीचा स्वभाव

विदर्भातली कापसाची काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या प्रकारच्या चिकणमातीची. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. गाडीच्या दृष्टीने तिचा वाईट गुण म्हणजे ती चिकटते. टायरच्या खाचा भरून जातात आणि नवा कोरा टायरही गुळगुळीत होऊन बसतो. पण पांदणीवर सगळीकडे सारखा चिखल नसतो. एका चाकोरीत कुणीतरी मुरूम टाकलेला असतो आणि दुसरीत निव्वळ गारा. म्हणजे एका चाकाला पकड आहे, दुसऱ्याला नाही. एल.एस.डी.चा जन्म नेमका याच परिस्थितीसाठी झालेला आहे.

थोडं गणित

हिशोबाच्या सोयीसाठी एक व्हॅन धरू. एकूण वजन ३,६०० किलो, त्यातलं मागच्या ॲक्सलवर २,००० आणि पुढच्यावर १,६००. गुरुत्वाकर्षण १० धरलं तर मागच्या प्रत्येक चाकावर १०,००० न्यूटन भार. डावं चाक गाऱ्यात, घर्षणांक ०.१, उजवं मुरमावर, ०.५. म्हणजे डावं चाक जास्तीत जास्त १,००० न्यूटन ओढू शकतं आणि उजवं ५,०००. ओल्या मातीचा रोलिंग रेझिस्टन्स वजनाच्या ८ टक्के धरला तर सपाट रस्त्यावर गाडी हलायला २,८८० न्यूटन लागतील. २० फुटांत १ फूट असा चढ असेल तर आणखी १,८००, म्हणजे ४,६८०.

साधं डिफरन्शियल : १,००० + १,००० = २,०००. सपाटीवरही गाडी फसली.

एल.एस.डी., टॉर्क बायस रेशो ३ (पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या तिप्पट टॉर्क देऊ शकणारं) : १,००० + ३,००० = ४,०००. सपाटीवर निघाली, चढावर थांबली.

पूर्ण लॉक : १,००० + ५,००० = ६,०००. चढही चढली.

फोर बाय फोर, पण दोन्ही ॲक्सलला साधं डिफरन्शियल : मागचे २,००० अधिक पुढचे ८०० + ८०० = ३,६००. सपाटीवर निघाली, चढावर थांबली.

म्हणजे अशा एका बाजूच्या चिखलात टू-व्हील ड्राइव्ह आणि एल.एस.डी. ही जोडी साध्या फोर बाय फोरपेक्षा सरस ठरते! पण उड्या मारण्याआधी दुसरं गणित करा. दोन्ही चाकोऱ्यांत सारखाच गारा असेल तर मागची दोन्ही चाकं मिळून २,००० न्यूटनच देणार, मग आत साधं असो, एल.एस.डी. असो की लॉक. फोर बाय फोर मात्र तिथेही ३,६०० देते आणि सपाटीवर निघते. निष्कर्ष साधा आहे. एल.एस.डी. पकड निर्माण करत नाही. जिथे आहे तिथली वापरू देतं. फोर बाय फोर पकड घेणारी चाकं वाढवतं.

प्रकार किती आणि कसे

१) क्लच प्लेटचं : साइड गिअरच्या मागे प्लेटा आणि स्प्रिंग. टॉर्क वाढला की प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात. अमेरिकेत स्टुडबेकर-पॅकार्डने १९५६ मध्ये 'ट्विन ट्रॅक्शन' नावाने हे आणलं. प्लेटा झिजतात आणि याला फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं ठरावीक ऑइलच लागतं. गावात मिळेल ते गिअर ऑइल ओतलं तर वळणावर मागून करकर आवाज येतो.

२) हेलिकल गिअरचं : तिरप्या दातांच्या गिअरमधल्या घर्षणावर चालतं. प्लेटा नाहीत, म्हणून टिकाऊ. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच!

३) व्हिस्कस : सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या प्लेटा. काम मऊ, पण फार वेळ घसरत राहिलं तर तापतं.

४) लॉकर : हे एल.एस.डी. नव्हे, त्याचा थोरला भाऊ. काही गाड्यांत लीव्हर किंवा बटण असतं. ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकर स्वतःच लागतं. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आर.पी.एम.चा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खिटी अडकते आणि ॲक्सल लॉक होतो. वेग जास्त असताना ते लागू नये अशीही सोय त्यात आहे.

आपल्याकडची उदाहरणं? टाटा सफारी स्टॉर्मच्या (२०१२) फोर बाय फोर मॉडेलमध्ये मागे एल.एस.डी. होतं. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक आहेत. महिंद्राच्या बोलेरो निओचं २०२१ मध्ये आलेलं एन-१० ऑप्शन मॉडेल आमच्या प्रश्नाला सर्वात जवळचं, कारण ते फोर बाय फोर नाही; नुसता मागच्या चाकांचा ड्राइव्ह आणि ईटनचं लॉकर. आणि नावावरून फसू नका : 'बोलेरो कॅम्पर' ही आपल्याकडची डबल केबिनची पिकअप आहे, झोपायची व्हॅन नव्हे.

ट्रॅक्टरवाल्यांना हे आधीच माहीत आहे

उसाची ट्रॉली शेतातून बाहेर काढणाऱ्या ड्रायव्हरकडे जरा निरखून बघा. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं आणि डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी मला एका वाक्यात सगळं सांगितलं : "जे चाक फिरून राह्यलं, त्यालेच ब्रेक मार, दुसरं आपोआप ओढते." फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने कृत्रिम विरोध दिला की डिफरन्शियल तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकालाही देतं. २०२० च्या महिंद्रा थारमधलं 'ब्रेक लॉकिंग डिफरन्शियल' हेच काम सेन्सर आणि कॉम्प्युटर लावून करतं.

व्हॅनमध्ये वेगवेगळे ब्रेक नसतात, हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. म्हणून साध्या डिफरन्शियलला हँडब्रेकचा उपाय चालत नाही : एक चाक हवेत असेल तर दुसऱ्याला जेवढा टॉर्क मिळतो तेवढाच त्याचा स्वतःचा ब्रेक खातो, बाकी शून्य. पण रेशो ३ च्या एल.एस.डी.ला चालतो. हँडब्रेक हलका ओढून प्रत्येक चाकावर १,५०० न्यूटन विरोध दिला, तर दुसऱ्या चाकाला ४,५०० मिळतात. त्यातून ब्रेकचे १,५०० वजा केले की ३,००० शिल्लक. आपल्याला हवे होते २,८८०. गाडी निघाली!

कॅम्पर व्हॅनसाठी विशेष

व्हॅन उंच आणि जड. पाण्याची टाकी अगदी मागच्या टोकाला बसवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. वरती बसवली तर कलंडायची भीती. जड सामान खाली, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे ठेवावं. चिखलात टायरची हवा थोडी कमी केली तर जमिनीला टेकणारा भाग वाढतो, मात्र डांबरीवर येताच ती भरायलाच हवी. फावडं, मजबूत दोर, आणि चाकाखाली घालायला काही नसेल तर शेतातली तुराटी, पऱ्हाटी किंवा उसाचं पाचट आहेच.

एल.एस.डी.चा एक तोटा कोणी सांगत नाही. ओल्या डांबरी रस्त्यावर वळणात जोरात ॲक्सिलरेटर दिला तर साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक घसरतं, दुसरं गाडीचा मागचा भाग धरून ठेवतं. एल.एस.डी.मध्ये दोन्ही एकदम घसरू शकतात आणि शेपूट बाहेर जाते. म्हणून पाय हळू. लॉक लावला असेल तर फक्त सरळ आणि सावकाश. कोरड्या रस्त्यावर लॉक लावून वळलात तर टायर घासतील, ॲक्सल शाफ्टही तुटू शकतो. आणि नाल्याला पूर असेल तर कोणतंही डिफरन्शियल उपयोगाचं नाही. पाण्याने गाडी उचलली की चाकांवरचा भार जातो आणि भार गेला की पकडही गेली. तिथे थांबणं हाच एक उपाय.

बाहेरून लॉकर आणून बसवायचा असेल तर क्राउन-पिनियनचं माप आणि शाफ्टचे स्प्लाइन जुळायला हवेत. गाडीत असे मोठे बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा आणि आर.टी.ओ.त आधी विचारा.

मामांना मी हेच कळवलं : "आधी पावसाळ्यात त्या गावांच्या रस्त्यांवरून पायी चालून या. चिखल एका चाकोरीत असेल तर मागच्या ॲक्सलला कंपनीचाच लॉकर असलेली गाडी पुरेल, पैसे वाचतील आणि ते औषधांना कामी येतील. दोन्ही चाकोऱ्यांत घोट्यापर्यंत गारा असेल तर फोर बाय फोरशिवाय इलाज नाही. आणि दोन्ही असेल तर फोर बाय फोरबरोबर मागे लॉक." त्यांनी पंधरा गावांची यादी केली आहे आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखलेत : डावी चाकोरी, उजवी चाकोरी. पहिला मोठा पाऊस झाला की ते रकाने भरायला सुरुवात होईल.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल