पोहणाऱ्या मुलांनी पुढे काय करायचं?

मूल नववीत गेलं, राज्य पातळीवर पोहू लागलं, की बऱ्याच घरांत एकच वाद सुरू होतो: तलाव की क्लास? पालकांची काळजी खोटी नाही. जलतरणात क्रिकेटसारखा पैसा नाही आणि स्पर्धेची वर्षं थोडी. पण म्हणून दहावीला पोहणं बंद करू नका. कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे यांची वाटचाल आधी नीट पाहा.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा त्यांनी सोळावं वर्ष पूर्ण केलं होतं. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक जिंकलं. खजान सिंग यांच्या १९८६ मधल्या रौप्यानंतर जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलंच आशियाई पदक. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे राज्य शासनाने त्यांना तहसीलदारपदी नेमलं.

पद पदकामुळे मिळालं, पण काम मात्र शिकावंच लागतं. सातबाऱ्यावरच्या नोंदी, दाखले, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, निवडणुकीची धावपळ. खाडे तहसीलदार होते त्या मालवणच्या तहसील कार्यालयात आलेल्या माणसाला साहेबांचं पदक नको असतं, त्याला आपल्या अर्जाचा निकाल हवा असतो.

या नोकरीची किंमतही होती. मधली काही वर्षं त्यांना पुरेसा सराव करता आला नाही. तरी ते परतले. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी २२.४७ सेकंदांची वेळ दिली आणि ते चौथे आले. कांस्यपदक २२.४६ सेकंदांवर गेलं. एक शतांश सेकंद! पुढे २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकून त्यांनी निवृत्ती घेतली.

यातून घरी ठरवण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

पहिली, शिक्षण. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता चुकत नाही. गुण थोडे कमी पडले तरी चालतील, पदवी अर्धवट सोडू नका.

दुसरी, कागदपत्रं. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे ना, हे प्रवेशिका भरण्याआधीच विचारा. प्रमाणपत्र हातात पडताच नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि सही-शिक्का तपासा. नोकरीच्या वेळी क्रीडा विभागाकडून पडताळणी होते, तेव्हा दहा वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त करणं फार जड जातं.

तिसरी, नोकरीची वेळ. विशीतल्या खेळाडूला नोकरी मिळाली की घर निश्चिंत होतं, पण सराव मागे पडू शकतो. म्हणून रुजू होण्याआधी सरावासाठी रजा आणि तलावाजवळची नेमणूक मिळेल का, हे लेखी विचारून घ्या. रेल्वे आणि सेनादलांत खेळाडूंची भरती होते, तीही चौकशी करा.

चौथी, बाकीच्या वाटा. पदक सगळ्यांनाच मिळत नाही. राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) प्रशिक्षण पदविका, फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण, जीवरक्षकाचं काम, तलावाचं व्यवस्थापन, या सगळ्यांत पाण्यात घालवलेली वर्षं कामी येतात.

तेव्हा मुलाला तलाव आणि पुस्तक यांतलं एक निवडायला लावू नका. दोन्हींचं वेळापत्रक त्याच्यासोबत बसून आखा आणि दर सहा महिन्यांनी प्रशिक्षकांना बरोबर घेऊन ते तपासा.