गॅरेजने काम बिघडवलं तर? आधी कागद, मग भांडण



मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडच्या आपल्या बऱ्याच घरांत आता एखादी इको, रिक्षा नाहीतर छोटा टेम्पो आहे. त्यावर भाजी कल्याणच्या मार्केटला जाते, स्टेशनचं भाडं मारलं जातं, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही तीच गाडी धावते. गाडी चालू तर घर चालू. पण गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली म्हणून हप्ता काही थांबत नाही.

म्हणून या वेळचा पाठ गॅरेजचा. पैसे देऊनही दुरुस्ती नीट झाली नाही, तर आपण काय करायचं? बहुतेक वेळा काय होतं, आपण गॅरेजवर जाऊन तावातावाने बोलतो, तो पण बोलतो, चार माणसं जमतात आणि आपण रिकाम्या हाताने घरी येतो. याचं कारण आपलं म्हणणं खोटं असतं असं नाही. ते दाखवायला आपल्या हातात कागद नसतो.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे आणि आकडेही मानलेले आहेत. समजा, तुमची इको क्लचच्या कामाला गॅरेजला दिली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी धरून ८,५०० रुपये दिले. बाविसाव्या दिवशी चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी ओढेना, जळका वास आला. गाडी ओढून आणायला १,५०० गेले. गॅरेजवाला म्हणतो, "तुमच्या माणसाला गाडी चालवता येत नाही, अर्ध्या क्लचवर चालवतो." आता?

गाडी देतानाच अर्धं काम होतं

गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. त्यातलं पाचवं सूत्र आहे नियमित लेखे. तेच गॅरेजमध्येही लावायचं. गाडी सोडताना एका कागदावर एवढं लिहून घ्या:

१. तारीख, गाडीचा नंबर आणि मीटरवरचे किलोमीटर.
२. तक्रार काय आहे, ती आपल्या शब्दांत. उदाहरणार्थ, "चढाला गाडी ओढत नाही."
३. काय काम करणार, कोणता पार्ट टाकणार, कंपनीचा की लोकल.
४. अंदाजे खर्च किती आणि गाडी कधी मिळणार.
५. कामाची गॅरंटी किती दिवसांची.

मोठ्या वर्कशॉपमध्ये याला जॉब कार्ड म्हणतात. छोट्या गॅरेजमध्ये वहीचं पान चालेल, फक्त खाली सही घ्या. तो म्हणाला, "ताई, आपल्यात कशाला लिहिणं?" तर हसून सांगा, "भाऊ, आमच्या गटात वीस रुपयांची पण नोंद असते." तेही जमलं नाही, तर हीच माहिती त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याने "ओके" केलं तरी ती नोंद झाली.

काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. बिलावर गॅरेजचं नाव-पत्ता, तारीख, बिल नंबर, तुमचं नाव, कोणता पार्ट, मजुरी किती आणि सही हवी. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणजे बिल मागणं हा आपला हक्कच आहे. "बिल नको, शंभर रुपये कमी करतो" यात आपण शंभरासाठी आपला पुरावाच विकतो.

बिघाड दिसल्यावर घाई करू नका

इथे सगळ्यात मोठी गडबड होते. हप्त्याची काळजी असते, म्हणून आपण लगेच दुसऱ्या गॅरेजला जातो. तो इंजिन-गिअरबॉक्स उतरवतो, नवीन क्लच टाकतो, जुनी भंगारात जाते. गाडी चालू होते खरी, पण पहिल्याने काय चुकवलं हे दाखवणारी वस्तूच गेलेली असते.

म्हणून आधी पहिल्या गॅरेजला कळवा. फोन केलात तरी मागोमाग मेसेज टाका: "२२ दिवसांत क्लच पुन्हा गेला आहे. तुम्ही येऊन बघा." त्याला बघायची संधी द्या. बऱ्याच वेळा माणूस चूक मान्य करून काम करून देतो आणि विषय तिथेच मिटतो.

तो आलाच नाही, तर दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून गाडी तपासा. खोलताना फोटो, व्हिडिओ काढा. त्याने काय बघितलं ते लेटरहेडवर किंवा शिक्का मारून लिहून घ्या. आपल्या उदाहरणात त्याने असं लिहून दिलं: "क्लच प्लेटवर इंजिन ऑइल आलेलं आहे. क्रँकच्या मागचा ऑइल सील गळतो. क्लच बदलताना हा सील बदललेला नाही." या तीन ओळींनी सगळं बदलतं. आता वाद गाडी कोण कशी चालवतं याचा उरला नाही. गळका सील तसाच ठेवून नवी क्लच बसवली, हा कामातला दोष आहे आणि तो कागदावर आहे.

उलटंही होऊ शकतं बरं का. तपासणीत कळलं की गाडीत माल जास्त भरला जात होता, किंवा खर्च वाचवायला आपणच लोकल पार्ट टाकायला सांगितला होता, तर ते मान्य करायला हवं. गॅरेजवालेही आपल्यासारखेच पोट भरणारे आहेत. तपासणी करून घ्यायची ती खरं काय ते कळण्यासाठी.

गाडी अडवून ठेवली तर

"आधी पैसे, मग गाडी," असं गॅरेजवाला म्हणाला तर लगेच चिडू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनतीचं काम केलं त्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणून गुपचूप दुसऱ्या चावीने गाडी काढून आणू नका, केस आपल्यावरच उलटेल. पण त्याच कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, ताब्यात असताना गाडीची नीट काळजी घेण्याची जबाबदारी त्याची आहे.

गाडीवर रोजची कमाई असेल, तर पैसे भरून गाडी सोडवणं कधीकधी परवडतं. फक्त पैसे ऑनलाइन भरा आणि त्याच वेळी लिहून कळवा: "काम समाधानकारक नाही. गाडी सोडवण्यासाठी, माझी तक्रार कायम ठेवून पैसे भरत आहे." म्हणजे पुढे "तेव्हा तर काही न बोलता पैसे दिले" असं कोणी म्हणू शकणार नाही.

लेखी पत्र द्या

तोंडी बोलणं झालं, उपयोग नाही झाला, की पत्र द्यायचं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पत्राची प्रत जपून ठेवा. नमुना असा:

"मा. गॅरेज चालक,
माझी गाडी क्रमांक ____ दि. ____ रोजी क्लचच्या कामासाठी आपल्याकडे दिली होती. बिल क्रमांक ____ प्रमाणे मी ८,५०० रुपये दिले. २२ दिवसांत क्लच पुन्हा निकामी झाला. दि. ____ रोजी आपल्याला कळवले, पण आपण गाडी पाहिली नाही. दुसऱ्या मेकॅनिकच्या तपासणीत ऑइल सील गळत असल्याचे आढळले, प्रत सोबत आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम विनामूल्य दुरुस्त करून द्यावे किंवा रक्कम परत करावी. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.
आपली, ____"

पत्रात शिवी नको, धमकी नको, "तुम्ही लुटारू आहात" असलं काही नको. तारखा, रक्कम आणि मागणी, बस.

पुढचा रस्ता: १९१५ आणि ग्राहक आयोग

पत्रालाही उत्तर नाही आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून समोरच्याकडे पाठवतात आणि तडजोडीचा प्रयत्न करतात. हुकूम काढायचा अधिकार मात्र त्यांना नाही. तो आहे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला. आयोगाबद्दल एवढं लक्षात ठेवा:

• पैसे देऊन घेतलेली सेवा नीट मिळाली नाही, तर कायदा त्याला सेवेतील त्रुटी म्हणतो. गॅरेजचं काम ही सेवाच आहे.
• तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.
• आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गॅरेज नाशिकचं असलं तरी मुरबाडच्या ताईला ठाण्याच्या आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्याने ही सोय झाली.
• दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.
• वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपण स्वतः मांडू शकतो.
• ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.
• आयोगाचा आदेश पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

वकिलाची मदत हवीच असेल, तर लक्षात ठेवा, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातली विधी सेवा समिती किंवा १५१०० हा नंबर विचारा.

वेळेबद्दल खरं सांगते. कायदा म्हणतो, साधारण तीन महिन्यांत निकाल, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. म्हणून वाटेत रास्त तडजोड होत असेल तर नाकारू नका. फक्त ती लेखी करा.

मागणीही हिशोबाने करा. आपल्या उदाहरणात पहिलं बिल ८,५००, गाडी ओढून आणायचे १,५००, आणि ८ दिवस गाडी उभी म्हणून रोजचे ७०० प्रमाणे ५,६००. एकूण १५,६०० रुपये. त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो. पण पहिल्या बिलाचे पैसे परत मागितले, तर दुसऱ्या गॅरेजचं पूर्ण बिलही मागू नका. नवी क्लच तर आपल्याला मिळाली आहे. आणि रोजचे ७०० कशावरून? तर घरच्या जमा-खर्चाच्या वहीवरून. वही नसेल, तर आजपासून सुरू करा.

"गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही"

समोरचा हे हमखास म्हणतो. व्यापारी कारणासाठी असेल तर ग्राहक कायदा लागू होत नाही, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रिक्षाचंच उदाहरण देऊन सांगितलं की, जो स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेतो तो ग्राहक आहे. मदतीला एखादा माणूस घेतला म्हणून हक्क जात नाही. मात्र गाडी पूर्णपणे दुसऱ्याच माणसाने चालवायची असेल तर ही सूट नाही.

म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहा: गाडी कोण चालवतं, घर कशावर चालतं, पगारी ड्रायव्हर आहे की नाही. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतात मिस्टर, असं असेल तर तक्रार करण्याआधी विधी सेवा समितीच्या वकिलाला हे आवर्जून विचारा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. आपल्या गटात कोणाकोणाच्या घरी गाडी आहे? शेवटच्या दुरुस्तीचं बिल कोणाकडे आहे, हात वर करा.
२. दोघींनी नाटक करा. एक गॅरेजवाली, एक ग्राहक. न भांडता जॉब कार्ड लिहून घ्यायचं.
३. वरचं पत्र प्रत्येकीने आपल्या हाताने एकदा लिहून काढायचं. रिकाम्या जागा भरून.
४. ज्या मेकॅनिककडून गावाला चांगला अनुभव आहे, त्यांची यादी ग्रामसंघाच्या वहीत करा. चांगलं काम करणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळू दे.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तोपर्यंत प्रत्येक घरात बिलं ठेवायची एक पिशवी खिळ्याला अडकलेली असू द्या. गाडीचंच नाही, मिक्सर, मोबाइल, पाण्याचा पंप, सगळ्यांची बिलं त्यात. मी बैठकीला आले की तीच पिशवी आधी बघायला मागणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक