बाळाचा घास

मुलांनो, अर्जुनी मोरगावच्या आठवडी बाजारात मासळीच्या टोपल्या तुम्ही पाहिल्या असतील. मरळ, रोहू असे मासे आपल्या भागातील मामा तलावांत मिळतात. या नावात कोणाचा मामा नाही! ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती पहिली अक्षरे आहेत. या मासळीचा बाळाच्या आतड्याशी काय संबंध, ते आज पाहू.

आतडे म्हणजे उर्दूतील ‘आंत’. काही माणसांच्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज राहते. पोट दुखते, जुलाब होतात, शौचातून रक्त पडते, वजन घटते. लहान मुलाची तर वाढच खुंटते. याला आतड्याचा दाह म्हणतात. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. पूर्वी हा श्रीमंत देशांचा आजार समजत. आता भारतातही त्याचे रुग्ण वाढत आहेत. आतड्याच्या क्षयरोगाची लक्षणे अशीच असल्याने निदान करताना डॉक्टरही गोंधळतात.

या आजाराचे एकच कारण नाही. आपल्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. घाबरू नका, त्यांतील बहुतेक आपले मित्र आहेत! त्यांची वस्ती जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बसते. आईचे दूध, अगदी पहिले पिवळसर चिकाचे दूधसुद्धा, तिला मदत करते. प्रतिजैविक औषधे मात्र शत्रूबरोबर मित्रांनाही मारतात. बालपणी ती वारंवार घेतलेल्यांत हा आजार अधिक आढळतो. डॉक्टरांनी दिलेले औषध जरूर घ्यावे. मागची उरलेली बाटली बाळाला पाजू नये.

स्वीडन व नॉर्वे या देशांत ८१ हजारांहून अधिक मुलांच्या आईवडिलांना विचारले गेले, ‘तुमचे मूल एक वर्षाचे असताना काय खात होते?’ मग कित्येक वर्षे त्या मुलांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ३०० मुलांना हा आजार झाला होता. मासे व भाज्या अधिक खाणाऱ्यांत तो कमी होता, साखरेची पेये पिणाऱ्यांत जास्त.

म्हणून मासे खाणाऱ्याला आजार होतच नाही, असे नाही. ज्याला झाला, त्याच्या आईचे काही चुकले, असेही नाही. आजारी मुलाच्या घरी जाऊन असे बोलणारे शेजारी असतात, म्हणून सांगितले.

घरी धाकटे भावंड असेल, तर सहा महिन्यांपर्यंत त्याला फक्त आईचे दूध. पुढे मऊ भात, वरण, शिजवलेली भाजी आणि कुस्करलेला मासा. मरळ माशात काटे कमी असतात. रोहूत बारीक काटे फार, तेव्हा प्रत्येक घास आधी बोटांनी चाचपून पाहावा.