इंटरनेट कंपनीतील नोकरी : पगारापलीकडचा हिशेब

गेल्या महिन्यात एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता. कापड बघता बघता त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि म्हणाले, "शेठ, धाकट्याला पुण्यात इंटरनेट कंपनीत नोकरी लागली. वर्षाला सहा लाख लिहिलेत. म्हणजे महिन्याला पन्नास हजार झाले ना? आणि ही कंपनी विकते तरी काय? तिचं दुकान कुठं आहे?"

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर द्यायला अर्धा तास लागला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुले पूर्वी मुंबईच्या गिरणीत जात, जहाजावर जात, आखातात जात. त्या नोकऱ्यांतले सुखदुःख घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. या नव्या नोकरीचे तसे नाही. म्हणून माझा भाचा, त्याचे सोबती आणि व्यापारानिमित्त भेटणारी या कंपन्यांतील मुले-मुली यांच्याकडून जे ऐकले आणि कागदपत्रांवरून जे समजले, ते येथे मांडत आहे.

प्रथम कंपनी म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्याच सुमारास मुंबईतच इंडियावर्ल्ड, रेडिफ अशा कंपन्या उभ्या राहिल्या. १९९९ साली इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना विकली गेली, तेव्हा बाजारातल्या भल्याभल्यांनी तोंडात बोटे घातली, कारण तिच्यापाशी ना गिरणी होती ना गोदाम. आज या धंद्याचे अनेक प्रकार आहेत : कोणी माल विकतो, कोणी जेवण पोचवतो, कोणी घरे दाखवतो, कोणी पैसे इकडून तिकडे पाठवतो. बहुतेकांचे भांडवल गुंतवणूकदारांचे असते आणि सुरुवातीची वर्षे तोट्यातच जातात. आपण तोट्यात असलो तर नोकर कमी करतो. ही मंडळी तोट्यात असताना नोकर वाढवतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे पुष्कळ कोडे उलगडते.

आता मुलांना काय आवडते? माझा भाचा पहिल्या महिन्यातच म्हणाला, "मामू, इथं कोणी साहेब नाही. मोठ्या मॅनेजरलाही नावानं हाक मारतात." मला हे थोडे विचित्र वाटले. आमच्या पेढीवर मुनीमजींना कोणी नावाने हाक मारील काय? पण त्याचा मुद्दा निराळा होता. तेविसाव्या वर्षी त्याने सुचवलेली गोष्ट ऐकून घेतली गेली आणि आठ दिवसांत अमलात आली. आपल्याकडे मुलगा दहा वर्षे तागे उचलतो, मग त्याला खरेदीला भिवंडीला पाठवतात. शिकण्याचा हा वेग मुलांना सर्वांत प्रिय आहे. दोन-तीन वर्षांत एवढे काम हाताखालून जाते की दुसरीकडे चांगली किंमत मिळते.

दुसरी आवडीची गोष्ट म्हणजे आई-वडिलांसह मिळणारा दवाखान्याचा विमा. सर्व कंपन्या देतात असे नाही, पण ज्या देतात तेथील मुले पगाराआधी त्याचे नाव घेतात. ज्या घरात वडिलांचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको. तिसरी गोष्ट घरून काम करण्याची मुभा. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत, माडीवर किंवा रेंज मिळेल त्या पडवीत, मुलांनी लॅपटॉप उघडले. पुढे अनेक कंपन्यांनी आठवड्यातून काही दिवस कार्यालयात बोलावायला सुरुवात केली आणि नाराजीही तेथूनच सुरू झाली. मुलींच्या बाबतीत ही मुभा फार मोठी आहे. २०१७ पासून बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यानंतर घरून काम मिळाले तर शिकलेली मुलगी नोकरी सोडत नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी तासभर मोकळा मागितला तर बहुधा अडवत नाहीत, काम पुरे झाले म्हणजे झाले, असेही मुले सांगतात.

हेच "काम पुरे झाले म्हणजे झाले" दुसऱ्या बाजूने फिरते. दुकानाचे शटर रात्री नऊला खाली येते. मोबाईलला शटर नाही. रात्री अकराला निरोप येतो, सकाळी सातला विचारणा होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास ठरलेले होते. २०२५ मध्ये रोजची मर्यादा १० तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. पण जेवणाच्या ताटावर बसून दिलेली उत्तरे कोणत्या हजेरीपटात लिहायची? माझ्या भाच्याची पहिली तक्रार हीच होती.

दुसरी तक्रार वर्षाअखेरच्या गुणांकनाची. काही ठिकाणी असा दंडक असतो की गटातल्या अमुक जणांना वरचा क्रमांक द्यायचा आणि अमुक जणांना खालचा द्यायचाच. दहाही मुले चांगली असली तरी एकाला खाली बसावे लागते. मग सोबत्याला मदत कोण करणार? मला तर हे एकाच ताग्यातले शेवटचे मीटर नापास करण्यासारखे वाटते.

परंतु मुले सर्वांत जास्त दुखावतात ती कागदावरच्या आकड्याने. त्या गिऱ्हाइकाच्या सहा लाखांचा हिशेब मी गल्ल्यावर बसूनच करून दाखवला. हा आकडा कंपनीला एकूण पडणाऱ्या खर्चाचा असतो. समजा त्यात मूळ वेतन निम्मे, म्हणजे महिना २५,००० रुपये आहे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा महिना ३,०००, म्हणजे वर्षाचे ३६,००० त्यातच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्क्यांप्रमाणे सुमारे १४,४३० रुपये. आणि "कामगिरीवर अवलंबून" म्हणून १० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. हे वजा करून बाराने भागले की ४०,८०० च्या आसपास येतात. त्यातून मुलाचा स्वतःचा निधीचा वाटा ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साडेसदतीस हजार. पुण्यात खोलीचे भाडे आणि खानावळ त्यातूनच. निधीचे पैसे बुडत नाहीत, ते त्याचेच आहेत. पण पन्नास हजारांच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नये, एवढे मी त्यांना सांगितले.

आता शेअर्सची गोष्ट. याला ईसॉप म्हणतात. पगार थोडा कमी घ्या, त्याबदली कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घेण्याचा हक्क देतो, असा हा सौदा. समजा ४०० शेअर चार वर्षांत, दर वर्षी १००. कायद्यानेच पहिल्या वर्षाच्या आत हक्क पक्का होत नाही, म्हणजे अकराव्या महिन्यात नोकरी सुटली तर हाती काहीच नाही. वर्ष भरल्यावर दहा रुपयांचा शेअर घेतला आणि त्या दिवशी त्याची किंमत पाचशे ठरली, तर शंभर शेअरमागे ४९,००० रुपये तुमचा पगार समजून त्यावर प्राप्तिकर लागतो. शेअर बाजारात नोंदलेला नसेल तर विकायचा कोणाला? पैसा आला नाही, कर मात्र आला. काही नोंदणीकृत नव्या कंपन्यांना २०२० पासून हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण ती आपल्या कंपनीला आहे का हे विचारून घ्यावे.

यात कोणाचे भले झालेच नाही असे नाही. २००७ साली सुरू झालेल्या फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा वॉलमार्टने २०१८ मध्ये १६ अब्ज डॉलरला घेतला, तेव्हा अनेक जुन्या नोकरदारांच्या घरी खरोखर लक्ष्मी आली. उलट २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर किमतीची मानली गेलेली बायजूज ही शिकवणीची कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेथील लोकांच्या शेअरचा कागद तर गेलाच, त्या वर्षी पगारही रखडले होते.

आपल्या मुंबईतील दोन प्रकरणे मला अधिक बोलकी वाटतात. घरे दाखविणाऱ्या हाऊसिंग डॉट कॉमचे प्रमुख राहुल यादव यांनी मे २०१५ मध्ये स्वतःचे शेअर सुमारे २,२५१ कर्मचाऱ्यांना वाटून देण्याचे जाहीर केले. दीड-दोनशे कोटींची गोष्ट होती, वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. १ जुलै २०१५ रोजी संचालक मंडळाने त्यांनाच काढले, आणि त्याच वर्षी तेथे नोकरकपात झाली. दुसरे टायनीआऊलचे. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१४ मध्ये जेवण पोचविण्यासाठी काढलेली ही कंपनी. गुंतवणुकीचा ओघ आला तशी शहरोशहरी कार्यालये उघडली आणि ओघ आटताच बंद करायला घेतली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या कार्यालयात कपात सांगायला आलेल्या एका सहसंस्थापकाला कर्मचाऱ्यांनी हिशेब चुकता होईपर्यंत तेथेच अडवून ठेवले. माणसाला कोंडणे गैरच. पण काल ज्याला नावाने हाक मारत होतो त्याच्यावरचा विश्वास एका दिवसात कसा उडतो, हे त्यात दिसते. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसरीत विलीन झाली.

या धंद्याचा दुसरा मजला आम्हा कापडवाल्यांना जास्त जवळचा. भिवंडी! ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतातला कारभार सुरू केला तो भिवंडीच्या गोदामातून. यंत्रमागावर ज्यांचे वडील उभे राहिले ती मुले आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोदामांत माल वेचतात. खरेदीला गेलो की चहाच्या टपरीवर त्यांच्याशी बोलणे होते. मागावर मीटरप्रमाणे मजुरी, वीज गेली की खाडा. गोदामात पैसा बँकेत येतो, निधीची नोंद राहते, कानात खटखट नाही, हे त्यांना आवडते. नावडते ते असे : नोकरी कंपनीची नसून ठेकेदाराची, दिवसभर उभे राहणे, हातातले यंत्र प्रत्येक मिनिट मोजते, आणि दिवाळीच्या सेलला भरलेली माणसे सेल संपताच कमी होतात. घरोघर पोचवणाऱ्यांना तर "भागीदार" म्हणतात. पेट्रोल भागीदाराचे, अपघातही भागीदाराचाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. ती हातात पडेल तेव्हा खरी.

त्या गिऱ्हाइकाला मी कागदावर चार गोष्टी विचारायला लिहून दिल्या : हातात नेमके किती, विम्यात आई-वडील आहेत का, सोडताना किती दिवसांची नोटीस (६० ते ९० दिवस सर्रास मागतात), आणि नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जाऊ नये असे कलम आहे का. असे कलम असले तरी घाबरू नये. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने रद्दबातल ठरते. कंपनीची गुपिते मात्र दुसऱ्याला देता येत नाहीत.

माझ्या भाच्याची कंपनी दीड वर्षात आटोपली. एका सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांची बैठक झाली आणि दुपारी त्याचा लॅपटॉप बंद पडला. राहिलेला हिशेब मिळायला तीन महिने लागले. नव्या वेतन संहितेत तो दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची सक्ती आहे, तेव्हा ती नव्हती. ते तीन महिने तो माझ्या गल्ल्यावर बसला. उधारीची वही त्याने संगणकावर चढवली, आणि कोणाकडे किती थकले आहे हे मला प्रथमच एका नजरेत दिसले. मी म्हटले, "आता इथंच राहा, हिस्सा देतो." तो हसला. "मामू, तुमच्याकडं दवाखान्याचा विमा आहे?"

सध्या तो पुण्यात दुसऱ्या इंटरनेट कंपनीत आहे. आमच्या दुकानातल्या चौघा नोकरांचा विमा मी गेल्या वर्षी काढला.