उचलला म्हणतात, पण नेला कुठे?

बाय, आता तू ग्रामपंचायतीवर निवडून आलीस. पाण्याची टाकी, पाखाडी, दिव्याचे खांब हे सगळं तू शिकशीलच. एक काम मात्र कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. रात्री अकराला कुणाची तरी आई अंगणात येऊन उभी राहील आणि म्हणेल, "माझ्या मुलग्याला पोलिसांनी उचलला. कुठे नेला कळत नाही."

मी कोर्टात ३१ वर्षं कारकुनी केली. अशा आया मला दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात भेटायच्या. रात्रभर त्या भलत्याच दाराशी बसलेल्या असत. म्हणून सांगतो ते कानात ठेव.

मूळ मंत्र एकच: कायद्याने अटक म्हणजे कागद. ठाण्याची डायरी, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, कोर्टातला रिमांडचा अर्ज आणि पुढे गेलाच तर तुरुंगाचं रजिस्टर, अशी ही वाट आहे. किती तास उलटले ते मोज आणि त्या हिशेबाने कागद शोध.

आधी शब्द नीट विचार

"उचलला" हा गावचा शब्द, कायद्याचा नव्हे. त्यात तीन-चार गोष्टी दडलेल्या असतात. कधी नुसतं चौकशीला बोलावलेलं असतं. कधी नोटीस देऊन घरी सोडलेलं असतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमारच्या निकालात बजावलं आहे. कधी शिमग्यात भांडण झालं म्हणून प्रतिबंधक कारवाई असते. आणि कधी खरोखरची अटक. म्हणून पहिला प्रश्न हा: "अटक दाखवली आहे का? किती वाजता?" उत्तर "नाही, चौकशी चालू आहे" असं आलं, तर तेही तारीख-वेळेसह वहीत लिही.

ठाणं चुकलं की रात्र फुकट

आपल्या भागाला पूर्णगड सागरी पोलीस ठाणं. पण माणूस कुठला यापेक्षा गुन्हा कुठे घडला ते महत्त्वाचं. पोरगा पूर्णगडचा, पण मारामारी रत्नागिरीच्या बाजारात झाली, तर नोंद शहर ठाण्यात. खाडीपलीकडे दक्षिणेला राजापूर तालुक्यात गेला असेल तर नाटे सागरीला विचारावं लागेल. स्थानिक गुन्हे शाखेने पकडला तर आणखी निराळं. पकडणारे एक आणि गुन्हा दाखल दुसऱ्याच ठाण्यात, असं होतं.

आणखी एक. पोलिसांकडे नाव नाही म्हणजे अटक नाही, असं समजू नकोस. गोव्याची दारू गाडीत सापडली तर राज्य उत्पादन शुल्क खातं अटक करतं. जंगलतोडीत वनखातं, रेल्वेत रेल्वे पोलीस. होडी पकडली असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे चौकशी कर. तिथे बहुधा होडी आणि दंडाचा मामला असतो, खलाशी कोठडीत असेलच असं नाही.

काहीच सुधरेना तर जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाला फोन लाव. अटकेची खबर तिथे पोचवणं हे पोलिसांचं कामच आहे.

ठाण्यात कसं बोलायचं

एकटी जाऊ नकोस आणि पंधरा जणांचा घोळकाही नेऊ नकोस. आई, तू आणि एखादं शांत डोकं, एवढे पुरे. आवाज चढवायचा नाही, ओळखी सांगायच्या नाहीत. ठाणे अंमलदाराला मुलाचं नाव वडिलांच्या नावासकट आणि वाडीसकट सांग. मग एकेक विचार: गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल काय, कलमं कोणती, अटकेची तारीख-वेळ काय, तपासी अंमलदार कोण, कोर्टात कधी नि कुठे नेणार. हे पाच तुकडे हाती आले की पुढची प्रत्येक खिडकी उघडते. "तो गोरटेला, उंच" असं वर्णन करणाऱ्याला कुठलंच रजिस्टर उत्तर देत नाही.

हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे

१८ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. ही संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. तीन कलमं लक्षात ठेव. ३६: अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही. ४८: माणूस पकडला आणि कुठे ठेवला, हे त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला ताबडतोब कळवायचं. ३७: अटक झालेल्याचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, आता डिजिटल फलकही चालतो. म्हणजे ठाण्यात शिरताना आधी भिंतीकडे बघ, मग टेबलाकडे.

यातली गोम सांगतो. तू आता सदस्य आहेस, म्हणजे ती "प्रतिष्ठित माणसाची सही" उद्या तुझ्याचकडे मागतील. कागदावरची वेळ वाचल्याशिवाय सही करायची नाही. संध्याकाळी सहाला पकडलेला माणूस कागदावर रात्री अकराला पकडलेला दिसला, तर पाच तास तुझ्या सहीने गेले.

चोवीस तासांचा हिशेब

अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायलाच हवं. ते घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. रविवार असो की गणपती, कोणीतरी दंडाधिकारी नेमलेला असतोच. तेव्हा सकाळी ठाण्यासमोर ताटकळण्यापेक्षा एका माणसाला कोर्टात पाठव. वकील ठरवायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन कर. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बाईला अटक असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी करता येत नाही. अगदीच अपवाद असला तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात.

ठाणं, नियंत्रण कक्ष, कोर्ट तिन्हीकडे नाव नाही, पण माणूस नेताना लोकांनी पाहिला आहे, असं झालं तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज करायचा. आपला जिल्हा आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचखाली येतो. ते १८ ऑगस्ट २०२५ला सुरू झालं. मुंबई गाठायची गरज नाही.

मोबाईलवर काय सापडतं

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडून एफआयआर वाचता येतात. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे. अडचणीच्या भागात ७२ तासांपर्यंत सवलत. लैंगिक अत्याचार, पॉक्सो असे नाजूक गुन्हे तिथे दिसत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव तर कुठेच यायला नको. तू शोधू नकोस आणि बोलूही नकोस.

पुढची तारीख बघायला ई-कोर्ट्सचं ॲप. तिथे ठाणं, एफआयआर नंबर आणि साल टाकलं की केस निघते. एकदा निघाली की तिचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर वहीत उतरव. पुढे तेवढा पुरतो. नावाने शोधशील तर इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हेने करून बघ. कलमं वाचताना घोटाळा करू नकोस. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३५८च कलमं आहेत, त्यामुळे "चारशेवीस" आता राहिलं नाही. फसवणूक ३१८मध्ये गेली, खून ३०२वरून १०३मध्ये. १ जुलै २०२४च्या आधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमं.

दंडाधिकाऱ्याने पोलीस कोठडी दिली तर माणूस पोलिसांकडेच. न्यायालयीन कोठडी दिली तर तुरुंगात. म्हणजे डबा घेऊन ठाण्याच्या दाराशी जायचं की रत्नागिरीच्या विशेष कारागृहाच्या, हे रिमांडच्या एका ओळीवर ठरतं.

आधी फोन ठेव, मग खात्री कर

आपली अर्धी पोरं मुंबईत. इथे म्हाताऱ्याला फोन येतो, "तुमचा मुलगा अटकेत आहे, केस मिटवायची तर पैसे पाठवा." वाडीतल्या एका घरात मुलगा ऑफिसात बसून जेवत होता आणि इथे बाप पासबुक घेऊन बँकेच्या वाटेला लागला होता. फोन करणाऱ्याला विचार: ठाणं कुठलं, गुन्हा नंबर काय? मग तो फोन ठेवून मुलाला लाव, आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे लाव. व्हिडिओ कॉलवरची "डिजिटल अटक" आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन कर.

सोयरीक जुळवताना

लोक तुझ्याकडे येतील, "त्या मुलावर काही केस आहे का बघ ना." नावाला नाव मिळालं की लगेच बोलू नकोस. वडिलांचं नाव, गाव, वय जुळतं का ते बघ. आपल्याकडे एका वाडीत एका नावाची तीन माणसं निघतात. आणि अटक म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे. भाडेकरू किंवा नोकर ठेवायचा असेल तर मागून चौकशा करण्यापेक्षा त्यालाच पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांग. तो त्याचा त्याला काढता येतो.

शेवटचा, आणि सगळे विसरतात तो

अटक झाली की नाव भिंतीवर लागतं, पेपरात येतं, एस.टी.त चघळलं जातं. सहा वर्षांनी माणूस निर्दोष सुटतो तेव्हा त्याचं नाव कुठल्याच भिंतीवर लागत नाही. लोक निकालाच्या दिवशी आनंदाने घरी जातात आणि नक्कल काढायची राहते. मग पासपोर्ट काढताना किंवा नोकरीच्या पडताळणीत जुनी अटक पुढे येते आणि हातात काहीच नसतं. माझ्या टेबलासमोर असे किती उभे राहिले! म्हणून ज्या दिवशी सुटका, त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज. सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची, तिच्या दोन झेरॉक्स, आणि मूळ प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत.

अटकेचा कागद सरकार जपतं. सुटकेचा आपणच जपायचा असतो, बाय. त्या आईला हे पहिल्याच रात्री सांगू नकोस, तेव्हा तिला ऐकू येणार नाही. सुटला त्या दिवशी आठवणीने सांग.