विमानाचे भाडे : एक व्यवहारी गणित

आजारी आजींना भेटायला पुण्याला जायचे म्हणून आम्ही इंदूरहून चौघांची विमानाची तिकिटे संगणकावर पाहिली. एका संकेतस्थळावर दर माणशी ४,००० रुपये दिसले, म्हणजे एकूण १६,०००. पैसे भरण्याच्या पानावर पोहोचेपर्यंत त्यात माणशी ३५० सुविधा शुल्क, २५० आसननिवडीचे आणि न मागितलेल्या विम्याचे २०० मिळाले. झाले १९,२००! वाढ शेकडा २०.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. शुल्क शेवटी उघड करणे म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग'. न विचारता वस्तू गळ्यात मारणे म्हणजे 'बास्केट स्नीकिंग'. दोन्ही त्या यादीत आहेत.

पण प्रत्येक फरक लबाडीचाच नसतो. एकाच विमानातील जागा कंपन्या वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या आणि आपण चार मागितल्या, तर बहुधा चारही जागांना महाग गटाचा दर लागतो. म्हणून आधी एकाचे, मग चौघांचे भाडे पाहावे. फरक दिसल्यास दोन-दोन तिकिटे काढावीत. कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळही जरूर ताडून पाहावे. (पालकांनो, हे काम घाईत करू नये.)

आम्ही विम्यापुढची खूण काढली, तिघांनी मिळेल ती जागा पत्करली. धाकट्याला मात्र खिडकीच हवी होती. शेवटी १७,६५० भरले.